टाचेचा गिअर

आरसी बुकवर अजून नाव त्यांचंच आहे:
निवृत्ती सखाराम गांगुर्डे, श्रमिकनगर, सातपूर.
नावावर करून घ्यायचीय, घ्यायचीय म्हणत
आरटीओच्या रांगेत दोनदा उभी राहिले
आणि दोन्हीदा बाहेरची भेळ खाऊन परत आले.

गाडी देताना ते एवढंच म्हणाले,
थंडीत चोक ओढा, तरी नाही झाली चालू
तर शिव्या देऊ नका, थोडं थांबा.
मग किल्ली दिली.
किल्लीला घुंगरू होतं, ते मात्र सोडवून घेतलं.

गिअरच्या दांडीला मागे एक सळई वेल्ड केलेली,
ओबडधोबड,
तिच्यावर सायकलच्या पायडलाचं रबर.
पहिल्याच आठवड्यात तीनदा सलवारची मोहरी अडकली.
भद्रकालीत इलियासभाईंना म्हटलं, हे आधी कापा.
आणि एलईडी बसवा, हॉर्न मोठा,
सीटवर ती जेलची गादी मिळते ना, ती.

त्यांनी ग्राइंडर हातात घेतला. परत ठेवला.
गांगुर्ड्याच्या डाव्या पायाला अंगठा नाही, म्हणाले,
शेजारची दोन बोटंही नाहीत. प्रेसखाली गेली.
गिअर वर उचलायला बोटं लागतात, ताई.
तो टाचेनं दाबायचा.
मीच लावून दिली होती सळई, एका चहावर.
कापू?

मी म्हटलं, आधी एलईडी बघा.

आता हॉर्न दाबला की दिवा मंद होतो.
बॅटरी जुनी, आवाज नवा;
रात्री दोघांपैकी एकालाच बोलू देते मी.

माझं काम द्राक्षांचे नमुने आणण्याचं.
कॅरिअरला थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ,
दिंडोरी रोड, मोहाडी, खेडगाव, पुन्हा अंबडची लॅब.
बागायतदार विचारतात, म्याडम, स्कुटी नाही का घेतली?
मी म्हणते, बांधावरून स्कुटी तुम्ही चालवून दाखवा.
तिसऱ्या फेरीला त्यांनी विचारणं सोडलं.

एकदा वळणावर कुणाच्या ट्रॅक्टरमधून
कांद्याची पात सांडलेली.
मागचं चाक आधी गेलं, मग मी.
लागलं फारसं नाही.
पण दोन किलो थॉमसन डांबरावर गडगडत चाललेली
आणि कुठून तरी आलेली एक शेळी
शांतपणे माझा सीलबंद नमुना खात होती.
अहवालात काय लिहायचं?
नमुना उपलब्ध नाही. शेळीची तब्येत चांगली.

आरसा त्या दिवसापासून आभाळ दाखवतो.
मागून कोण येतंय कळत नाही,
पाऊस येतोय का, ते कळतं.

आणि मग माझाच मूर्खपणा,
चपलेवर असताना मेन स्टँडवर लावायला गेले.
स्टँड निसटला तो थेट डाव्या अंगठ्यावर.
नखाखाली रक्त साकळलं,
जम्बो द्राक्षाएवढं, तसंच काळं.
सुट्टी मागितली तर साहेब म्हणाले, हंगाम आहे.
तीन आठवडे टाचेनं दिंडोरी केली.
सळई बरोबर तिथंच होती
जिथं दुखणारा पाय तिला शोधत होता.
आणि न्यूट्रल, जो मला कधी पटकन सापडला नाही,
टाचेच्या अर्ध्या दाबात अलगद यायचा,
हिरवा दिवा लावून.

परवा त्र्यंबक रोडच्या पंपावर
सुनेच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर मागे बसलेले गांगुर्डे.
सून हवा भरत होती.
मला त्यांनी ओळखलं नाही, गाडीला ओळखलं.
उतरले, लंगडत आले, उकिडवे बसले,
चेन अंगठ्यानं दाबून बघितली, हाताच्या.
सैल आहे, म्हणाले.
मग सळईकडे बघत: रबर बदललं?
जुनं झिजलं होतं, मी म्हटलं.
ते काही बोलले नाहीत.
वरच्या खिशात हात घातला तेव्हा घुंगरू वाजलं,
घराच्या किल्लीला लावलंय.
त्यांनी ते दिलं नाही.
मीही मागितलं नाही.

अंगठा कधीच बरा झालाय.
तरी पंपाबाहेर पडताना दुसरा टाचेनंच टाकला.

पोरानं टाकीचं झाकण नीट लावलं नव्हतं;
एबीबी सर्कलपर्यंत मांडीवर गार पेट्रोल.